खापरावरचं नाव

अविनाश, परवा तुझ्या शोकसभेत एक वक्ते म्हणाले की तू अजातशत्रू होतास. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. शोभावहिनींनी तो शब्द ऐकून मान वर केली, सभागृहात नजर फिरवली, मी दिसल्यावर पुन्हा खाली घातली. नंतर कुणीतरी येऊन मला म्हणालं, "तुम्ही त्यांचे वसतिगृहापासूनचे मित्र, दोन शब्द बोला." मी घसा बसल्याचं सांगितलं. घसा ठणठणीत होता. पण मला जे बोलायचंय ते तुझ्याशी बोलायचंय, आणि हार घातलेल्या फोटोशी मला बोलता येत नाही. तू मध्येच तोडायचास, हात उंचावून "थांब, थांब, मुद्दा निसटतोय" म्हणायचास. आता तोडणार नाहीस. तेवढं एक बरं झालं.

सभेत तुझी पुस्तकं, तुझे विद्यार्थी, तुझी व्याख्यानं, सगळ्यांवर सगळे बोलले. वसतिगृहातल्या त्या खोलीवर कुणी बोललं नाही, कारण तिथे आपण दोघंच होतो. तू कळवणहून आलेला, मी इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टरमधून. माझ्या शर्टांना बारा महिने बुरशीचा वास यायचा आणि तू म्हणायचास, "युसूफ, तुझ्या गावात पाऊस पडत नाही, तो तिथे राहायलाच आलाय." माझं गणित, तुझा इतिहास. तुला त्या वयातच ग्रीसचं वेड लागलं होतं. आमटीत डाळ शोधावी लागायची, आणि तू ती ढवळत सांगायचास की आपल्या खाणावळीचा ठेकेदार म्हणजे शुद्ध जुलूमशहा, जसे कॉरिंथमध्ये होते. आधी राजा. राजाला बाजूला सारून मोठी घराणी. घराण्यांना बाजूला सारून मूठभर पैसेवाले. मग त्यांच्यातलाच एखादा धटिंगण लोकांना गोड बोलून सगळं बळकावतो. आणि त्याचा वीट आला की शेवटी लोक स्वतः. बोटांवर मोजत सांगायचास तू, आणि शेवटचं बोट, करंगळी, सगळ्यात उंच धरायचास. "अथेन्स," म्हणायचास.

मी स्पार्टाचं विचारायचो. स्पार्टात दोन राजे एका वेळी, वर म्हाताऱ्यांची सभा, वर दर वर्षी निवडलेले पाच अधिकारी, आणि निवडणूक कशी, तर ज्याच्या नावाला लोक जास्त ओरडतील तो जिंकला. तुला ते ऐकवायचं नाही. "पोरकटपणा आहे," म्हणायचास. आपला खरा वाद मात्र चिठ्ठ्यांवरून होता. अथेन्समध्ये बहुतेक पदं चिठ्ठ्या टाकून भरत, हे तूच मला सांगितलंस, आणि मी गणिताचा माणूस, मला ते फार आवडलं. मी म्हणायचो, "चिठ्ठीला कुणाचा राग नसतो." तू म्हणायचास, "चिठ्ठीला डोकंही नसतं. सभेला असतं. माणसं एकत्र बसून विचार करतात तेव्हा एकट्या माणसापेक्षा शहाणी होतात." मी म्हणायचो, होत नाहीत. तू म्हणायचास, होतात. हा वाद आपण आयुष्यभर घातला. गंमत बघ, जिंकलो मी, आणि जिंकण्याची किंमतही मीच भरली.

आधी तुझे उपकार सांगतो. ते नाकारण्याइतका मी खोटा नाही.

आपण दोघं एकाच महाविद्यालयात लागलो. तू इंदिरानगरमध्ये फ्लॅट घेतलास आणि मला म्हणालास, शेजारी ये. मी घर भाड्याने शोधत होतो. फोनवर जागा रिकामी असायची, नाव सांगितलं की भरलेली असायची. तुझ्या इमारतीतल्या वरच्या फ्लॅटचा मालक पुण्याला होता. त्यानेही तसंच केलं. तेव्हा तू माझ्या हातातून फोन घेतलास आणि त्याला असा झाडलास की नसीम दारात उभी राहून हसायला लागली. आम्हाला घर मिळालं. सना तेव्हा रांगत होती. ती पहिल्यांदा उभी राहिली ती तुमच्या दिवाणखान्यात, तुझ्या पुस्तकांच्या कपाटाला धरून. तुझी आई कळवणहून यायची तेव्हा आधी आमच्याकडे वर यायची. गुडघ्यावर हात ठेवून जिना चढायची आणि दारातूनच म्हणायची, "युसूफ, तू मना तिसरा पोऱ्या शे." तुला एकच भाऊ. तिसरा मी. हे मी विसरलेलो नाही.

मग इमारतीचं राजकारण. बिल्डरने सोसायटी करून द्यायला टाळाटाळ केली, पाण्याची चावी स्वतःच्या माणसाच्या हातात ठेवली. तू जिन्यात उभा राहून सगळ्यांना सांगितलंस, हा आपला जुलूमशहा. त्याला घालवला. मग देवरे आणि त्यांचे दोन-तीन मित्र, ज्यांनी आधी फ्लॅट घेतले होते, ते सगळं ठरवायला लागले. त्यांच्या मजल्यावर पाणी चढायचं, आमच्याकडे नळ नुसता खोकायचा. तू म्हणालास, ही मूठभरांची सत्ता. तीही तू मोडलीस. गच्चीवर सभा घेऊन तू असा बोललास की देवरे स्वतःच उठून म्हणाले, "सर, तुम्ही सांगाल तसं करू." कागदोपत्री देवरेच अध्यक्ष राहिले, पण रोजचा कारभार चिठ्ठी टाकून ठरेल, दर वर्षी नवा माणूस बघेल. यात भाडेकरूही येतील, हा आग्रह तुझा. देवरे म्हणाले, भाडेकरू कसे? तू म्हणालास, "अथेन्सची ती चूक होती. पिढ्यान् पिढ्या राहणारे, कर भरणारे, लढाईत मरणारे लोक परके म्हणून सभेबाहेर ठेवले. आपण ती चूक करायची नाही." मी त्या दिवशी तुझ्याकडे बघत होतो. असा मित्र मिळाला म्हणून ऊर भरून आला होता.

अविनाश, तू मला नागरिक केलंस. परक्याला हद्दपार करावं लागत नाही, तो तसाही बाहेरच असतो. हे मला फार उशिरा कळलं.

पहिल्या वर्षीचं खापरांचं प्रकरण मात्र खरंच मजेदार होतं. तू वर्गात शिकवायचास तेच गच्चीवर आणलंस. अथेन्सचे लोक वर्षातून एकदा फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर एक नाव कोरत. ज्या माणसाचा शहराला धोका वाटतो त्याचं. ज्याचं नाव जास्त, तो दहा वर्षं शहराबाहेर. त्याने गुन्हा केलेला नसायचा, त्याला बाजू मांडायची संधी नसायची, पण घरदार, जमीन त्याचीच राहायची. तू जुन्या नाशकातल्या कुंभाराकडून फुटका रांजण आणलास, तुकडे केलेस, प्रत्येक घराला एक तुकडा आणि एक खिळा. "मराठीत आपण दुसऱ्याच्या डोक्यावर खापर फोडतो," तू म्हणालास, "ग्रीक माणूस जास्त सुसंस्कृत, तो खापरावर फक्त नाव लिहितो." गच्ची हसली. देवरेंचं नाव निघालं, कारण ते पिण्याच्या पाण्याने स्कूटर धुवायचे. दहा महिने सभेला यायचं नाही, पद घ्यायचं नाही. देवरेंनी उठून वाकून नमस्कार केला, त्यांच्या बायकोने सगळ्यांना पेढे दिले. असा खेळ होता तो.

पुढच्या चिठ्ठीत माझं नाव निघालं. सनाने चिठ्ठी उचलली होती, माझं नाव ऐकून तिने टाळ्या पिटल्या, सगळ्या पोरांनी पिटल्या. मी काम नीट केलं, हे तरी तू मान्य करायचास. पाणी सगळ्या मजल्यांना सारखं सोडलं. देवरेंनी गच्चीच्या टाकीवरून एक वेगळी नळी घेतलेली होती, ती प्लंबर बोलावून काढली. देवरे तेव्हा नुसते म्हणाले, "तुम्ही फार शिस्तीचे बुवा."

मग तो दंगलींचा हिवाळा आला. देशात काय चाललंय ते आपल्या इमारतीत वर्तमानपत्रातून यायचं. आपल्या गल्लीत दगडही पडला नाही. फक्त जिन्यात आवाज उतरले. मी दिसलो की चाललेलं बोलणं संपायचं आणि थंडीबद्दल सुरू व्हायचं. सनाला खालून खेळायला बोलावणारी पोरं कमी झाली. नसीमने विचारलं, "अविनाशभाऊंना सांगू या का?" मी म्हणालो, त्याला माहीत असेल, तो बघेल.

तुला माहीत होतं. शोभावहिनींनी नंतर कबूल केलं की देवरे दोन वेळा तुमच्याकडे चहाला आले होते आणि म्हणाले होते, "सर, यंदाही खापरं होऊ द्या. लोकांची इच्छा आहे." तू त्यांना विचारलंस, कुणाविरुद्ध? ते म्हणाले, "ते लोक ठरवतील. लोकशाही आहे ना?" आणि तुझ्याच शब्दात तुला असं कुणी पकडलं की तुझी बोलती बंद व्हायची. तू खापरं ठरवलीस. मला सांगितलं नाहीस. मी त्या वर्षीचा कारभारी होतो, खुर्च्या मीच मांडल्या.

रविवारची संध्याकाळ होती, अजून ऊन होतं. तुझी आई आलेली होती, तिला कठड्याजवळ खुर्ची दिली. खापरं टोपलीत पडली. मोजायला तू बसलास. तू एकेक उचलून नाव वाचत होतास, आणि अविनाश, काय आवाज होता रे तुझा. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, प्रत्येक अक्षर धुतल्यासारखं स्वच्छ. "युसूफ." तुकडा बाजूला. "युसूफ." तुकडा बाजूला. एकदा पाण्याच्या पंपाबद्दल तक्रार असलेल्या एका घराने दुसऱ्याच कुणाचं नाव लिहिलं होतं, तेव्हा लोकांनी सुस्कारा टाकला, जणू क्रिकेटमध्ये झेल सुटला. मग पुन्हा "युसूफ." तू थांबू शकत होतास. टोपली उलटी करू शकत होतास, तब्येतीचं निमित्त करू शकत होतास, "खेळ झाला" म्हणून हसू शकत होतास. तू शेवटच्या तुकड्यापर्यंत तितक्याच स्वच्छ आवाजात वाचलंस.

आणि सना टाळ्या वाजवायला लागली. आधी माझं नाव आलं होतं तेव्हा मी जिंकलो होतो, म्हणून आताही जिंकलो असं तिला वाटलं. ती एकटीच वाजवत होती. पोरं तिच्याकडे बघत होती, कुणी साथ दिली नाही. "अब्बा, तुम्हारा नाम आया," ती ओरडली. नसीमने तिचे दोन्ही हात धरून खाली घेतले. तिच्या बांगड्यांचा आवाज सगळ्या गच्चीला ऐकू आला.

फक्त तुझी आई बोलली. खुर्चीतून अर्धवट उठून ती म्हणाली, "अविनाश, हाई काय करं रे तू?"

तू म्हणालास, "आई, खेळ आहे गं."

तिला मत नव्हतं. ती पाहुणी होती.

नंतर तू वर आलास. दार लोटून घेतलंस, पलंगाच्या कडेला बसलास आणि मला अथेन्स समजावलंस. म्हणालास, "यात अपमान नाही, युसूफ. ते क्षुल्लक माणसाला कधी काढत नसत. ज्याला काढत तो मोठाच असायचा. उलट हा एक प्रकारचा मान आहे." मी म्हणालो, "देवरेंना काढलं तेव्हा पेढे होते. आज पेढे कुठे आहेत?" तू म्हणालास, "दहा महिन्यांचा प्रश्न आहे." मी विचारलं, "आणि तुझी सभा शहाणी असते, ते?" तू म्हणालास, "सभा चुकू शकते. पण चुकली म्हणून सभा मोडायची नसते, नाहीतर पुन्हा जुलूमशहा येतो." तुझं म्हणणं तत्त्वतः बरोबर असेलही. माझी मुलगी आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसून पडली होती आणि तू मला तत्त्व सांगत होतास. मी तुला जा म्हणालो. आपल्या इतक्या वर्षांत मी तुला पहिल्यांदा जा म्हणालो.

दहा महिने पुरे झालेच नाहीत. पुण्याच्या मालकाला कुणीतरी कळवलं की इमारतीत एकमताने नाराजी आहे, आणि त्याने जागा सोडायला सांगितलं. आम्ही जुन्या नाशकात नसीमच्या मावशीच्या गल्लीत गेलो. टेम्पोत सामान चढवताना तू आलास, पुस्तकांची खोकी उचललीस, घामाघूम झालास. देवरेही आले आणि त्यांनी फ्रिजला हात लावला. माणसं चांगली होती रे. सगळी माणसं चांगली होती. सनाला मात्र आम्ही शाळा बदलून दिली, आणि नव्या शाळेत ती कधी कुठल्या गोष्टीसाठी हात वर करायची नाही. बाईंनी विचारलं, की हिला येत नाही का? येत होतं. नाव पुकारलं जाऊ नये म्हणून ती गप्प बसायची. आता ती मोठी झाली, परगावी नोकरी करते. मतदानाला जात नाही. मी कारण विचारलेलं नाही.

आपण बोलणं टाकलं नाही. तसं झालं असतं तर सोपं झालं असतं. शिक्षकांच्या खोलीत शेजारी बसायचो, डबा वाटून खायचो. तू ईदला यायचास, मी दिवाळीला. पण अथेन्सवर आपण बोलायचं बंद केलं. तेवढी एकच खोली आपण कुलूप लावून ठेवली.

आणि मग तू ती बाहेरच्यांसाठी उघडलीस. तुझी व्याख्यानं गाजायला लागली होती, गावोगाव बोलावणी यायची. एकदा गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात मी न सांगता येऊन मागे बसलो. तू ग्रीक राज्यपद्धती सांगत होतास, तीच बोटं, तीच करंगळी. आणि मग तू खापरांची गोष्ट सांगितलीस. फुटका रांजण, खिळे, पिण्याच्या पाण्याने धुतलेली स्कूटर. लोक पोट धरून हसले. तू म्हणालास, "दुसऱ्या वर्षीही आम्ही केलं, तेव्हा एका फार कर्तबगार माणसाचं नाव निघालं. अथेन्समध्येही असंच व्हायचं!" पुन्हा हशा. टाळ्या.

बाहेर चहाच्या टपरीवर मी तुला गाठलं. तू विचारलंस, "तू होतास?" "होतो." "मी नाव कुठे घेतलं?" तू म्हणालास. मी म्हणालो, "गच्चीवर किती वेळा घेतलंस. इथे एकदा घ्यायला काय झालं होतं?" तू म्हणालास, "नाव घेतलं असतं तर गोष्ट बदलली असती." "हो," मी म्हणालो, "तेव्हा कुणी हसलं नसतं." त्यानंतर तू ती गोष्ट सांगायची बंद केलीस असं मी ऐकलं. खरं-खोटं मला माहीत नाही. परवा शोकसभेत तुझ्या एका विद्यार्थ्याने ती सांगितली. स्कूटरपर्यंतच.

आता रुग्णालयातली ती दुपार.

शोभावहिनी औषध आणायला खाली गेल्या होत्या. तुझा तो आवाज गेला होता, नुसती खरखर उरली होती. तू मला जवळ बोलावलंस. म्हणालास, "तू कधी विचारलं नाहीस." मी म्हणालो, "काय?" तू म्हणालास, "मी कुणाचं लिहिलं होतं ते."

मी खरंच विचारलं नव्हतं. मी धरून चाललो होतो की तू कोरं खापर टाकलं असशील, किंवा देवरेंचं. इतकी वर्षं तेवढ्या एका तुकड्यावर मी तुझ्याशी मैत्री ठेवली होती.

"तुझंच," तू म्हणालास.

खिडकीतून खालच्या रिक्षांचे हॉर्न येत होते. तू दम घेत घेत सांगितलंस. "सगळे तुझंच नाव लिहिणार हे ठरलेलं होतं. माझं अक्षर सगळे ओळखतात. मोजून ठेवलेल्या तुकड्यांत माझं वेगळं खापर असतं तर मी फुटलो हे सगळ्यांनी पाहिलं असतं. त्यांच्यात राहायचं होतं मला. शोभाला, पोरांना. मी भ्यालो, युसूफ."

मग तू माझं मनगट धरलंस. तुझी बोटं गार होती. तू विचारलंस, "माझ्या जागी तू असतास, तर तूही माझंच लिहिलं असतंस. हो ना?"

तुझे डोळे माझ्या तोंडावर होते. तुला बाकी काही नको होतं. माफी तू मागितली नाहीस, मी ती देणार नाही हे तुला माहीत होतं. तुला एवढंच हवं होतं की मीही तुझ्याइतकाच भित्रा आहे असं मी म्हणावं, म्हणजे तुला एकट्याला जावं लागणार नाही. एका अक्षराचा शब्द होता. वसतिगृहातल्या खोलीसाठी, पुण्याच्या मालकाला झाडलेल्या त्या फोनसाठी, तिसरा पोऱ्या म्हणणाऱ्या तुझ्या आईसाठी तो द्यायला हरकत नव्हती. खोटं असलं तरी द्यायला हरकत नव्हती.

मी मनगट सोडवून घेतलं, तुझी चादर नीट केली आणि पाणी हवंय का विचारलं. तू मान हलवलीस. वहिनी येईपर्यंत तू माझ्याकडे बघत राहिलास, मी खिडकीकडे.

दोन दिवसांनी तू गेलास. लोक विचारतात, शेवटची भेट झाली का? मी सांगतो, झाली. बोलला का काही? मी सांगतो, नाही, फार थकला होता.

अविनाश, मी रडलो तुझ्यासाठी. नसीमला विचार. तुझ्याशिवाय आता मला कुणी "मुद्दा निसटतोय" म्हणणार नाही, आणि तुझ्याशिवाय वाद घालण्यासारखं या गावात माझं कुणी उरलेलं नाही. पण तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा मला येत होतं, आजही येतंय. मी तुझं नाव लिहिलं नसतं.

तुला हवं होतं ते उत्तर मी तेव्हा दिलं नाही. आजही देत नाही.